सेम गोळी, सेम पॉवर, मग दोघा भावांचं बीपी वेगळं काहून? एक धागा आईच्या पोटापर्यंत जातो

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारचे तीन, नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, रस्त्यावर कुत्रंही नाही अन मी दुकानात कूलरपुढे बसून पेपर चाळून राहिलो होतो. सक्करदऱ्याकडे माझं छोटं मेडिकल स्टोर आहे, फार्मसी शिकलो, चार वर्षं कॉलेजात शिकवलंही, मग कंटाळून दुकान टाकलं. तर तेवढ्यात आमचे जुने गिऱ्हाईक आले, दोघे सख्खे भाऊ, मूळचे जालन्याकडचे पण तीस वर्षं नागपुरात काढून भाषा आता आपलीच झाली आहे त्यांची.

मोठे म्हणाले, "काहो, एक सांगा. याची अन माझी गोळी सेम, पॉवर सेम, कंपनी सेम, डॉक्टर पण एकच. याचं बीपी महिन्याभरात उतरलं अन माझ्या गोळ्या वाढतच चालल्या. आता तीन झाल्या. गोळीत खोट आहे का?"

मी आपली ठरलेली उत्तरं दिली, मीठ किती खाता, गोळी विसरता का, झोप होते का, खर्रा खाता का. यावर धाकटे गालातल्या गालात हसले, कारण खर्रा तेच खातात अन त्यांचंच बीपी कंट्रोलमध्ये. मोठ्यांना सुपारीचंही व्यसन नाही, सकाळी बागेत चार चकरा मारतात. मग जाता जाता ते सहज बोलून गेले, "आई म्हणायची, तू बहात्तरच्या दुष्काळात पोटात होता, मिलोच्या भाकरीवर अन सुकडीवर वाढलेला, तुझ्यात दमच कमी." मिलो म्हणजे तेव्हा रेशनवर आलेली बाहेरची लाल ज्वारी, अन सुकडी म्हणजे दुष्काळात वाटलेला सुका खाऊ. दोघेही हसले, बिल दिलं अन गेले.

मी मात्र पेपर बाजूला ठेवला. कारण त्यांच्या आईनं गमतीत म्हटलेल्या या वाक्यावर गेली जवळपास चाळीस वर्षं जगभरात रिसर्च होऊन राहिला आहे.

आधीच एक क्लिअर करतो, नाहीतर उद्या कोणी स्क्रीनशॉट घेऊन येईल. या काकांचं बीपी दुष्काळामुळेच वाढलं असं मी म्हणत नाही. एका माणसाचं बीपी कशामुळे चढलं हे कोणीच बोट ठेवून सांगू शकत नाही, त्यात शंभर कारणं असतात. पण हजारो माणसं एकत्र पाहिली तर, आईच्या पोटात असताना ज्यांना पुरेसं पोषण मिळालं नाही त्यांचं हृदय, किडनी अन रक्तवाहिन्या थोड्या वेगळ्या घडतात असं दिसते, आणि जी गोष्ट वेगळी घडली ती औषधालाही वेगळं उत्तर देणार, हे ओघानं आलंच.

आता औषध काम कसं करते ते पहा, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते. आपल्याला वाटते ताकद गोळीत आहे. गोळी स्वतः काहीच करत नाही हो. गोळी फक्त निरोप घेऊन जाते, काम शरीर करते. गणेशपेठच्या एसटी स्टँडवर तिकीट काउंटर असतात तसे हृदयाच्या पेशींवर काउंटर असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात, अन हृदयाचे ठोके ज्यांच्यामुळे वाढतात त्यातला मुख्य म्हणजे बीटा-१ रिसेप्टर. तुम्ही घाबरले, जिना चढले, की अॅड्रेनॅलिन नावाचा प्रवासी या काउंटरवर येतो, तिकीट घेतो अन ठोके वाढतात, आकुंचनाचा जोरही वाढतो. आयसीयूत हृदय नीट पंप करत नसेल तर डोब्युटामिन देतात, तोही याच काउंटरवर येणारा प्रवासी. अन मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल, जे निम्म्या नागपूरच्या डब्यांत असेल, ते काउंटरवर नुसतं ठाण मांडून बसते, स्वतः तिकीट घेत नाही अन दुसऱ्यालाही घेऊ देत नाही, म्हणून ठोके कमी होतात.

आता समजा स्टँड बांधतानाच दहाच्या जागी सहा काउंटर बांधले. मग दिवाळीची गर्दी आली तर बाहेर कितीही प्रवासी उभे करा, तिकिटं सहा खिडक्यांतूनच निघतील. सगळा खेळ इथे आहे. औषध तेच, डोस तोच, पण काउंटर किती बांधले होते यावर उत्तर ठरते, अन बांधकामाचा मोठा भाग जन्माच्या आधीच झालेला असतो.

हे मी मनानं सांगत नाही, उंदरांवर हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं आहे. २००६ साली छापून आलेल्या एका प्रयोगात गाभण उंदरिणींना आणि पुढे पिल्लं दूध पीत असतानाही कमी प्रोटीनचं खाणं दिलं. अशा प्रयोगांत साधारणपणे नेहमीच्या १८-२० टक्क्यांऐवजी ८-९ टक्के प्रोटीन ठेवतात, आणि एक बारीक गोष्ट नीट वाचा, कॅलरी कमी करत नाहीत. म्हणजे उपाशी ठेवलेलं नसते, पोट भरलेलं असते, फक्त वरणाच्या जागी वरणाचं पाणी. आपल्याकडे किती घरांत हेच चालते हे सांगायला रिसर्च लागत नाही.

तर त्या पिल्लांमधले नर तीन महिन्यांचे झाले, उंदराच्या हिशोबानं तरणेबांड, तेव्हा त्यांना आयसोप्रोटेरेनॉल नावाचं औषध दिलं, जे बीटा काउंटरवरच जाऊन ठोके वाढवते. काय दिसलं? एक, काही न करता नुसते बसलेले असतानाच त्यांचे ठोके बाकीच्यांपेक्षा जास्त होते, बीपी मात्र सारखंच. दोन, कमी डोसला त्यांचं हृदय उशिरा वर चढलं, कमी वेळ वर टिकलं, अन नॉर्मलला यायलाही जास्त वेळ घेतला. म्हणजे जुन्या स्कूटरसारखं, किक मारल्यावर चालू व्हायला वेळ, अन चालू झाली की बंद करायलाही वेळ. तीन, त्यांच्या हृदयाचा तुकडा तपासला तर बीटा-१ रिसेप्टर खरंच कमी निघाले, आणि बीटा-अरेस्टिन नावाचं एक प्रोटीन जास्त निघालं. हा अरेस्टिन म्हणजे तो काउंटरवाला जो दोन तिकिटं फाडून लगेच 'जेवणाची सुट्टी' पाटी लावून शटर पाडतो. खिडक्या आधीच कमी, त्यात शटर पाडणारे जास्त.

अन यातली खरी टोचणारी गोष्ट अशी की माणसाचं हृदय फेल व्हायला लागते तेव्हा त्यातही बीटा-१ रिसेप्टर कमी होतात, हे ऐंशीच्या दशकापासून माहीत आहे. म्हणजे जे थकलेल्या हृदयात शेवटी शेवटी दिसते, त्यातलं काही या जवान उंदरांमध्ये सुरुवातीलाच होतं. आजारी नव्हते ते. वरून धडधाकटच दिसत असणार.

माझ्या मामांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, लहानपणी सुट्ट्या तिथेच गेल्या. संत्र्याचं झाड बियांपासून नाही वाढवत, जंबेरीच्या खुंटावर डोळा भरतात, म्हणजे खालचं मूळ जंबेरीचं अन वरचं झाड संत्र्याचं. मामा म्हणायचे की नर्सरीत खुंट पोसला नसला तर पुढे कितीही शेणखत टाक, कितीही युरिया टाक, झाड हिरवं दिसेल, पण मृग बहारासाठी ताण दिला, पाणी तोडलं, की तेच झाड पहिलं मान टाकते. नेहमीच्या दिवसांत दोन झाडांत काही फरक कळत नाही, ताण आल्यावर कळतो. हृदयाचंही अगदी असंच आहे, बसल्या जागी जवळपास सगळं ठीक, परीक्षा असते ती जिना चढताना, तापात, बाळंतपणात, ऑपरेशनच्या टेबलावर, अन औषध दिल्यावर. म्हणून तर अशा प्रयोगांत औषध टोचून पाहतात, ते तिथे इलाजासाठी नसते, पाणी तोडून पाहण्यासारखंच असते.

हे सगळं सुरू कुठून झालं तेही थोडक्यात सांगतो, कारण गोष्ट रंजक आहे. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला डेव्हिड बार्कर नावाचे डॉक्टर होते. १९८६ साली त्यांनी अन त्यांच्या सहकाऱ्यानं नकाशे जुळवून पाहिले तर जिथे १९२१ ते २५ मध्ये तान्ही बाळं जास्त दगावली होती, त्याच भागांत पुढे चाळीस-पन्नास वर्षांनी हार्टच्या आजारानं माणसं जास्त मरत होती. गरिबीत हार्ट अटॅक? तेव्हा सगळ्यांचा समज होता की हा श्रीमंतांचा, तूप खाणाऱ्यांचा आजार. मग त्यांना हर्टफर्डशर भागातली जुनी रजिस्टरं मिळाली, जिथे शंभर वर्षांपूर्वी नर्सबाई घरोघरी जाऊन बाळाचं जन्माचं अन एक वर्षाचं वजन लिहून ठेवत, आपल्या अंगणवाडीताई लिहितात तसंच. १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा हिशोब लावला अन १९८९ मध्ये छापला, एक वर्षाचे असताना जे सगळ्यात हलके होते त्यांच्यात हार्टच्या आजारानं मरण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त. पुढच्या वेळी अंगणवाडीताई वजनाचं रजिस्टर भरताना दिसल्या तर त्यांना कारकुनी करून राहिल्या असं समजू नका.

आपल्याकडेही हे पाहिलं गेलं. म्हैसूरच्या एका मिशन हॉस्पिटलात १९३४ पासूनच्या बाळंतपणांची नोंद सापडली, त्यातले ५१७ लोक शोधून तपासले. जन्मताना अडीच किलो किंवा त्याहून कमी असलेल्यांमध्ये ११ टक्क्यांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, अन साधारण ३.१ किलो किंवा वर असलेल्यांमध्ये ३ टक्के. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत पोरीबाळींचं खाणं, त्यांची बाळंतपणं, मग ती पोरं मोठी होईपर्यंत सगळं नोंदवत आणलं. तिथल्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या बाळाचं ३.५. पण गंमत अशी की आपलं बाळ हडकुळं असूनही त्याच्या कातडीखाली चरबी मात्र टिकून होती, घटले ते मसल्स अन आतले अवयव. पोटात रसद कमी पडली की बाळ काटकसर करते, मेंदू वाचवते, चरबी थोडी बांधून ठेवते, अन मसल, किडनी, लिव्हरचा बजेट कापते. आपल्या घरातही पगार कमी आला तर आधी शाळेची फी भरतो, रंगरंगोटी पुढच्या वर्षी. फक्त बाळाला पुढचं वर्ष मिळत नाही.

पुढचं वर्ष मिळत नाही म्हणजे काय, तर हृदयाच्या स्नायूच्या पेशी. या जवळपास सगळ्या जन्माच्या आसपासपर्यंत तयार होऊन बसतात. नंतर हृदय मोठं होते ते त्याच पेशी जाड होऊन, नव्या फारशा येत नाहीत, पंचविशीत वर्षाला एखादा टक्का बदलतात अन म्हातारपणी अर्ध्या टक्क्याच्याही खाली. कमी प्रोटीनवाल्या उंदरिणींच्या पिल्लांत जन्मतानाच या पेशी कमी मोजल्या गेल्या. बार्सिलोनात पोटात वाढ खुंटलेली मुलं पाच वर्षांची झाल्यावर त्यांच्या हृदयाची सोनोग्राफी केली, तर हृदय लांबट असायचं ते गोलसर दिसलं, दर ठोक्याला रक्त कमी फेकते म्हणून ठोके जास्त मारून भरपाई करते. उंदरांचे ठोके आठवले? इंग्लंडमध्येही १९९७ च्या एका अभ्यासात हेच आलं, जन्मताना हलके असलेल्या लोकांची मोठेपणी बसल्या जागची नाडी जरा जास्तच.

किडनीची गोष्ट याहून भारी आहे, अन माझ्या मते बीपीच्या गोळ्यांच्या बाबतीत हीच जास्त महत्त्वाची, हृदयापेक्षाही. किडनीत रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या असतात, नेफ्रॉन, एका किडनीत साधारण दहा लाखांच्या आसपास, पण कोणात दोन लाख तर कोणात वीस लाखांच्यावर, एवढा फरक. या गाळण्या गरोदरपणाच्या ३६ व्या आठवड्यापर्यंत बनतात अन मग कारखाना कायमचा बंद. जर्मनीत २००३ साली अपघातात गेलेल्या माणसांच्या किडन्या मोजून पाहिल्या, बीपी असलेल्यांच्या एका किडनीत साधारण ७ लाख गाळण्या, नसलेल्यांमध्ये १४ लाख. बरोब्बर निम्म्या! माणसं फक्त वीस होती हे खरं, पण आकडा विसरता येत नाही. गाळण्या कमी म्हणजे मीठ बाहेर टाकायची ताकद कमी, म्हणजे तेवढ्याच सावजी रश्श्यानं एकाचं बीपी चढते अन शेजारच्याला ढिम्म होत नाही. अन अटेनोलॉल, डिगॉक्सिन अशी काही औषधं किडनीवाटेच बाहेर पडतात, गाळण्या मुळात कमी असल्या अन वयानं आणखी घटल्या तर औषध अंगात जास्त वेळ फिरत राहते.

आता तो प्रयोग जो मी कॉलेजात शिकवताना पोरांना हमखास सांगायचो. परत उंदीरच, परत कमी प्रोटीनवाल्या आयांची पिल्लं, जी मोठी झाली की बीपी हमखास चढते. इंग्लंडमधल्या संशोधकांनी काय केलं, या पिल्लांना वयाच्या दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, फक्त तेवढेच दोन आठवडे, औषध दिलं अन मग बंद केलं. एका गटाला लोसार्टन, जे अँजिओटेन्सिनचं, म्हणजे रक्तवाहिन्या आवळून बीपी चढवणाऱ्या हार्मोनचं, काउंटर अडवते, अन दुसऱ्या गटाला निफेडिपिन, जे रक्तवाहिन्या सैल करते. दोन्ही बीपीचीच औषधं, दोन्ही माझ्या रॅकवर आहेत. लोसार्टनवाली पिल्लं मोठी झाली तरी त्यांचं बीपी चढलं नाही, औषध केव्हाचंच बंद होतं तरी. निफेडिपिनवाल्यांचं चढलं. त्याआधी कॅप्टोप्रिलनंही असाच फायदा दिसला होता, तेही अँजिओटेन्सिनच्याच रस्त्यावरचं औषध.

याचा अर्थ नीट लावा. बीपी नुसतं खाली आणून उपयोग झाला नाही, ज्या रस्त्यानं ते चढणार होतं तो रस्ता योग्य वयात अडवला तेव्हा उपयोग झाला. पोटात प्रोटीन कमी पडल्यानं या पिल्लांची अँजिओटेन्सिनची यंत्रणा वेगळी बसवली गेली होती, म्हणून त्या यंत्रणेवरचं औषध चाललं अन दुसऱ्या यंत्रणेवरचं नाही. आता यावरून कोणी लगेच आपल्या कमी वजनाच्या बाळाला लोसार्टन द्यायला निघू नका बाप्पा. अन गरोदरपणात तर लोसार्टन, कॅप्टोप्रिल अशी औषधं चालतच नाहीत, बाळाच्या किडनीवर वाईट परिणाम करतात, म्हणून बीपीची गोळी सुरू असलेल्या बाईनं दिवस राहायच्या आधीच, नाहीतर कळल्याबरोबर, डॉक्टरांना सांगायचं असते.

पण पोटात हे नेमकं होते कसं? एक रस्ता असा. आईच्या रक्तात कॉर्टिसॉल असते, टेन्शनचं हार्मोन, अन ते बाळाच्या मानानं फार जास्त असते. वारेत म्हणजे प्लासेंटात एक एन्झाइम असते, आपल्या जुन्या जकात नाक्यासारखं, येणारं बरंचसं कॉर्टिसॉल तिथेच निकामी करून बाळापर्यंत थोडंच जाऊ देते. उंदरिणीचं प्रोटीन कमी केलं की हा नाका ढिला पडतो अन आईचं टेन्शनचं हार्मोन बाळात घुसते, बाळाला वाटते बाहेर कठीण काळ चालू आहे, अन ते त्या हिशोबानं स्वतःला बसवून घेते. दुसरा रस्ता डीएनएवरच्या खुणांचा. डीएनए तेच राहते, पण कोणतं पान उघडायचं अन कोणतं चिकटवून ठेवायचं याच्या खुणा बदलतात. यात फॉलिक अॅसिडचं काम मोठं आहे, उंदरिणीला कमी प्रोटीनबरोबर फॉलिक अॅसिड जास्त दिलं तर पिल्लांच्या लिव्हरमधल्या त्या खुणा बदलल्या नाहीत, हे २००५ साली दिसलं. सरकारी दवाखान्यात मिळणारी लाल गोळी कडू लागते, संडास काळी होते म्हणून किती जणी खिडकीतून फेकतात ते मला माहीत आहे, त्यात नुसतं लोह नसते, फॉलिक अॅसिडही असते.

माणसांवर असले प्रयोग कोणी करू शकत नाही, करूही नयेत. पण इतिहासानं एकदा केला. १९४४ च्या हिवाळ्यात जर्मन नाझींनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली, माणशी दिवसाला ४०० ते ८०० कॅलरी मिळायच्या, म्हणजे आपल्या दोन-चार पोळ्या अन थोडी भाजी, बस. मे १९४५ मध्ये सुटका झाली अन खाणं लगेच पूर्ववत. त्यामुळे कोणतं बाळ पोटात कितव्या महिन्यात उपाशी होतं हे तारखेवरून कळते. ही मंडळी पन्नाशीला आली तेव्हा तपासलं, गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांना उपासमार लागली त्यांच्यात हृदयरोग ८.८ टक्के, ज्यांना लागली नाही त्यांच्यात ३.२. पुढे त्यांना मुद्दाम टेन्शन देणारी कामं दिली, आरशात पाहून आकृती काढा, आयत्या वेळी भाषण करा, तर याच गटाचं बीपी जास्त उसळलं. म्हणजे अॅड्रेनॅलिनचा डोस बाहेरून टोचायची गरजच नाही, स्वतःच्याच अंगातल्या अॅड्रेनॅलिनला त्यांचं शरीर वेगळं उत्तर देऊन राहिलं होतं.

अन यात एक मेख आहे. सुरुवातीच्या महिन्यांत उपाशी राहिलेली ही बाळं जन्मताना हलकी नव्हती! पुढचे महिने खायला मिळालं, वजन भरून निघालं. म्हणजे बाळ तीन किलोचं झालं म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. वजन ही फक्त बाहेरून दिसणारी खूण.

अन उलटं उदाहरणही सांगतो, नाहीतर गोष्ट एकतर्फी होईल. दुसऱ्या महायुद्धातच लेनिनग्राडला वेढा पडला, तिथेही गरोदर बायका उपाशी. तिथल्या मुलांना मोठेपणी तपासलं तर शुगर अन हार्टमध्ये तसा काही फरक दिसला नाही. का? एक समजावणी अशी की हॉलंडमध्ये नंतर लगेच सुबत्ता आली, लेनिनग्राडला नंतरही कितीतरी दिवस खाण्याची चणचणच होती. पोटात बाळानं दुष्काळाची तयारी केली अन बाहेर दुष्काळच मिळाला तर गाडी चालून जाते, बाहेर आल्यावर समोसे-जिलेबी अन बसून नोकरी मिळाली की तंटा सुरू. मला तर हे वाचून आपलाच समाज दिसतो, आजी शेतमजूर, बाप मोटारसायकलवर, नातू मोबाईलवर.

मग आता दुकानात कोणी विचारलं, "याचा मला काय उपयोग?" तर मी काय सांगतो? औषधांचे डोस ठरतात ते हजारो लोकांच्या सरासरीवर. तुम्ही सरासरी नाही. म्हणून डॉक्टर कमी डोसनं सुरू करतात, दोन-चार आठवड्यांनी बोलावतात, बदलतात, जोडतात, अन तीन गोळ्या लागणे म्हणजे तुमचं काही चुकलं असं नाही. एनालाप्रिल घेतल्यानं खोकला आला, अॅम्लोडिपिननं पाय सुजले, तर ते सांगायचं, स्वतःच्या मनानं बंद नाही करायचं, अन बीटा ब्लॉकर, म्हणजे ते काउंटर अडवणारं मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल, तर अचानक कधीच बंद करायचं नाही, ठोके एकदम उसळतात. अन डॉक्टरांना एक माहिती आपणहून द्या जी सहसा कोणी विचारत नाही, जन्माच्या वेळचं वजन, दिवस पुरे भरले होते का, आई तेव्हा आजारी होती का. आजच्या घडीला कोणी त्यावरून गोळी निवडत नाही, ते अजून उंदरांच्या पिंजऱ्यातच आहे, पण तिशीतच बीपी मोजायला सुरुवात करायला, किडनीची तपासणी वेळेत करायला हे कारण पुरेसं आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकते. हे सगळं वाचून लोक लगेच म्हणतात, "म्हणजे आईनंच नीट खाल्लं नाही." अरे तिला खाऊ दिलं कोणी? आजही आपल्याकडे शेवटी जेवते ती सून, भांड्यात राहिलेलं. "जास्त खाऊ नको, बाळ मोठं होईल अन डिलिव्हरी अडेल," हे सांगणाऱ्या आज्या अजून जिवंत आहेत. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला पाच पक्वान्नं, फोटो, फुलांचा झोपाळा, अन बाकीचे दोनशे एकोणऐंशी दिवस चहा-पोळी. २०१९ ते २१ च्या सरकारी सर्व्हेत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांचं रक्त कमी निघालं, अन वजन केलेल्या बाळांपैकी साधारण १८ टक्के अडीच किलोच्या आत. मेळघाट इथून काही फार दूर नाही. आदिवासी भागात २०१५ पासून गरोदर बायकांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण द्यायची अमृत आहार योजना आहे, लोकांना वाटते खिचडीवर सरकार पैसे उडवून राहिलं. मी तर म्हणतो ते २०७० सालच्या गोळ्यांचं बिल आत्ताच कमी करणं आहे. अन खरी सुरुवात तर त्याही आधी, पंधरा वर्षांच्या पोरीच्या ताटातून होते, कारण दिवस राहिले हे कळेपर्यंत दीड-दोन महिने जातात अन हॉलंडवाल्यांचा घोटाळा तिथेच झाला होता.

परवा ते मोठे काका परत आले, गोळ्या घ्यायला. मी हे सगळं त्यांना जमेल तसं सांगितलं, काउंटर, गाळण्या, संत्र्याचा खुंट. शांतपणे ऐकलं. मग मी विचारलं, "काका, तुमचं जन्माचं वजन किती होतं, काही कल्पना?"

"वजन कोण करते हो तेव्हा," ते म्हणाले. "सुईण म्हणाली होती म्हणे, सुपात मावून वर जागा राहिली." मग खिशातून पाकीट काढता काढता थांबले अन म्हणाले, "धाकटा पाच किलोचा होता, असं आई सांगायची. पाच नसेल. पण त्याच्या वेळी घरी म्हैस होती."